उपटा, हवे तितके!

युरोपात म्हणे सरकार सगळं फुकट करतं. इथे मलिंगारला येऊन आयरिश मेडिकल कार्डाचे दातांचे नियम वाचा जरा! कमी उत्पन्नवाल्याला वर्षाला एक तपासणी, दोन फिलिंग. आणि दात उपटणं? गरज पडेल तितकं! ही 2010 च्या मंदीतली कात्री. 2022 मध्ये दात साफ करून देणं परत आलं, फिलिंग दोनच राहिली.

घरदार असलेला तिसरं फिलिंग पदरच्या पैशाने करेल हो, पण बेघराने काय करायचं? दंतवैद्य खाजगी, कार्डवाले घ्यायची त्यांना सक्ती नाही. अपॉइंटमेंटचं पत्र कुठल्या पत्त्यावर येणार? 1964 पासून सरकार नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालतंय, पण त्याला आधी नळ हवा ना! मग कळ असह्य झाली की दात काढून मोकळं व्हायचं. पुढचे दोन दात नसलेल्याला घर भाड्याने कोण देतो, नोकरी कोण देतो?

मलिंगारसारख्या प्रत्येक गावात आठवड्यातून एक दिवस सरकारी पगारी दंतवैद्य बसवा. वेळ न ठरवता, पत्ता न विचारता तपासा. आणि फिलिंगवरची ती दोनाची अट आधी काढा.