तालुक्याचे महाविद्यालय मोडू नका

प्रवेशाचा हंगाम संपला की तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांत इतक्या जागा रिकाम्या राहिल्या अशी बातमी येते, आणि तिच्या पाठोपाठ ही महाविद्यालये बंद करावीत असा सल्लाही येतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या सल्ल्याला शासकीय प्रतिष्ठा दिली आहे. प्रत्येक उच्चशिक्षण संस्थेने 3,000 वा त्याहून अधिक विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ठेवावे, संलग्न महाविद्यालयांची पद्धत 15 वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवावी आणि 2030 पर्यंत प्रत्येक जिल्ह्यात अथवा त्याच्या जवळ एक तरी मोठी बहुशाखीय संस्था असावी, असे हे धोरण सांगते. कागदावर ही योजना देखणी दिसते. मराठवाड्यासारख्या प्रदेशात तिचा अर्थ काय होईल, याचा विचार आपण कार्यकर्त्यांनी वेळीच केला पाहिजे.

निजामी राजवटीत मराठवाड्यात उच्चशिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. 1918 मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी शेतकऱ्याच्या मुलाला भाषा आणि अंतर असे दोन्ही दरवाजे बंद होते. हैदराबाद मुक्त झाल्यावर दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते त्यानंतर आठ वर्षांनी, 1958 मध्ये. येथे आधी महाविद्यालये आली आणि मागाहून विद्यापीठ आले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाण्याच्या घोटासाठी ज्यांना ओंजळ पुढे करावी लागे, त्यांची मुले मिलिंदच्या वसतिगृहात राहून शिकली आणि त्याच परिसरातून ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक उभे राहिले. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय चालू असताना बाबासाहेबांनी मागासलेला मराठवाडा निवडला, याचे कारण विद्या गरिबाच्या दारापर्यंत गेली पाहिजे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता आजचे आकडे पाहू. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्चशिक्षण पाहणीनुसार 18 ते 23 वयोगटाच्या तुलनेत उच्चशिक्षणातील नोंदणीचे प्रमाण देशात 28.4 टक्के आणि महाराष्ट्रात 35.3 टक्के होते. 2035 पर्यंत ते 50 टक्क्यांवर न्यावे, असे हेच धोरण म्हणते. एका हाताने नोंदणी वाढवायची आणि दुसऱ्या हाताने जवळचे महाविद्यालय काढून घ्यायचे, या दोन गोष्टींचा मेळ कसा बसायचा? आज जी मुले महाविद्यालयापर्यंत पोचलेली नाहीत ती जिल्ह्याच्या शहरात राहत नाहीत. ती वाडी-तांड्यावर राहतात, आणि सकाळची एस.टी. चुकली तर त्यांचा त्या दिवसाचा अभ्यासही चुकतो.

मुलींच्या बाबतीत तर अंतर हाच खरा प्रवेशाचा निकष आहे. बापाची ऐपत आणि आईची धास्ती जेथवर पोचते, तेथवरच मुलगी शिकते. 2015 च्या दुष्काळात एस.टी.च्या पासाला पैसे नाहीत म्हणून मराठवाड्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने जीव दिला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. 2024 मध्ये राज्य सरकारने दुर्बल आणि मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी दिली, तिचे आम्ही स्वागत करतो. परंतु शुल्क माफ झाल्याने गाव शहराच्या जवळ येत नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांची स्थिती याहून बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयते घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि परततात ते उन्हाळ्यात. महाविद्यालयाचे ऐन अभ्यासाचे महिने नेमके तेच. अशा घरची मुलगी वसतिगृहावाचून शिकणार कशी? मग एक तर ती फडावर जाते, नाहीतर तिचे लवकर लग्न लावून दिले जाते.

तालुक्याची महाविद्यालये आज उत्तम चालली आहेत असा आमचा दावा नाही. कित्येक ठिकाणी हजेरीपटावर मुले आहेत आणि वर्ग रिकामा आहे. प्रयोगशाळेला कुलूप आहे आणि परीक्षेत कॉपीचा सुळसुळाट आहे. पण हा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. 1983 पासून राज्याने विनाअनुदानाची वाट धरली आणि शिक्षणसम्राटांची पिढी जन्माला घातली. अनुदानित महाविद्यालयांतील जागा वर्षानुवर्षे भरल्या गेल्या नाहीत. नेट-सेट झालेला, पीएच.डी. झालेला तरुण तासिका तत्त्वावर राबतो आणि सुटीच्या महिन्यांत त्याची चूल थंड असते. शिक्षकाला पोटभर वेतन द्यायचे नाही आणि मग दर्जा नाही म्हणून संस्थाच मोडायची, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

या प्रश्नाला पर्याय आहे, आणि तो इतरत्र चालून दाखवलेला आहे. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही 1901 मध्ये जोलिएट येथे सुरू झालेल्या महाविद्यालयापासून ‘कम्युनिटी कॉलेजां’चे जाळे उभे राहिले. 1947 मध्ये ट्रुमन आयोगाने त्यांचा पुरस्कार केला. कॅलिफोर्नियाच्या 1960 च्या योजनेने त्यांचे दार सर्वांना खुले ठेवले, आणि तेथील रहिवाशांकडून 1984 पर्यंत शिकवणीचे शुल्क घेतले जात नव्हते. दिवसा काम करणाऱ्याला तेथे संध्याकाळी शिकता येते, आणि दोन वर्षे शिकून पुढे विद्यापीठात जाता येते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 मध्ये याच नावाची योजना आणली. परंतु ठरावीक मुदतीच्या अनुदानावर आणि कंत्राटी शिक्षकांवर महाविद्यालय रुजत नाही. नव्या धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. परत येण्याची खरीखुरी सोय नसेल, तर ती गरिबांना लवकर बाहेर काढण्याची वाट ठरेल.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. विद्यार्थिसंख्येच्या निकषावर तालुक्याचे एकही महाविद्यालय बंद अथवा विलीन करू नये. रिक्त जागा पूर्ण वेतनावर भराव्यात. बारावीपर्यंतच्या मुलींना मिळणारा एस.टी.चा मोफत पास पदवीपर्यंत द्यावा. ऊसतोड आणि भूमिहीन कुटुंबांतील मुलामुलींसाठी तालुक्यालाच वसतिगृह असावे. पदवीबरोबर पाणलोट, पंपदुरुस्ती, दुग्धव्यवसाय, हिशेबनिशी यांचे शिक्षण तेथेच मिळावे, आणि ते शेतात राबणाऱ्या प्रौढालाही खुले असावे.

शेवटी एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना सांगणे अवश्य आहे. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात महाविद्यालयीन विद्यार्थी आघाडीवर होते. त्याच प्रदेशात 1978 मध्ये विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर दलितांची घरे जळाली, आणि नामविस्तारासाठी 1994 साल उजाडावे लागले. शिकलेला तरुण आपोआप पुरोगामी होत नाही. ज्याच्या हाती पदवी आहे पण काम नाही, त्याचा संताप कोणीही हवा तिकडे वळवू शकतो. म्हणून महाविद्यालय वाचवण्याची लढाई ही नुसती इमारतीची आणि अनुदानाची लढाई नाही. येत्या सत्रात प्रत्येक तालुका शाखेने आपल्या महाविद्यालयात जाऊन रिक्त जागा किती, मुली किती आणि मध्येच शिक्षण सुटलेली मुले कोणत्या गावांची, याची नोंद करावी. ती यादी घेऊन त्या गावांच्या सभा घ्याव्यात. आपल्या वाडीवरची कोणती मुलगी बारावीनंतर घरी बसली, हे ज्या कार्यकर्त्याला ठाऊक आहे, त्यानेच हा प्रश्न सरकारदरबारी मांडण्याचा अधिकार कमावलेला आहे.