झोपडीचा खर्च, मनोऱ्याची जमा

मुंबई महापालिकेचे २०२५-२६ सालचे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडले गेले. झोपडपट्ट्यांतील सुमारे ५० हजार व्यापारी गाळ्यांवर मालमत्ता कर बसवून ३५० कोटी रुपये उभारण्याचा संकल्प त्यात होता. लोकनियुक्त सभागृह तेव्हा अस्तित्वातच नव्हते. मार्च २०२२ पासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. जो गाळा कमावतो त्याने कर द्यावा, याला तात्त्विक हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती अशा करांच्या पाठीशी उभ्या असलेल्या हिशेबाला. झोपडपट्टी पाणी पिते, कचरा करते, रुग्णालये भरून टाकते आणि तिजोरीत छदामही टाकत नाही. व्यापारी मनोरा मात्र भरभरून देतो व थोडे घेतो, असा तो हिशेब!

जमीनवापरानुसार जमाखर्च मांडण्याची ही रीत वरकरणी शास्त्रशुद्ध दिसते. तिच्यातील मखलाशी अशी, की माणूस राबतो तो भूखंड आणि तो निजतो तो भूखंड, यांची खाती ती वेगवेगळ्या पानांवर लिहिते. लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यात झाडलोट करणारी बाई, तिथला पहारेकरी, चहा पोहोचवणारा पोरगा यांच्या श्रमाचे फळ मनोऱ्याच्या जमेत पडते. त्यांच्या मुलांची शाळा आणि त्यांच्या आजारपणाचा दवाखाना मात्र झोपडपट्टीच्या खर्चात. घरभाडे परवडेल एवढे वेतन मालकाने दिले नाही, ती तूट पालिकेने भरून काढली, आणि बोल लागला मजुराच्या वस्तीला. बरे, पाणी पिण्याचा आळ तरी खरा आहे काय? पालिकेने वर्षानुवर्षे झोपडपट्टीसाठी दरमाणशी दररोज ४५ लिटरचे प्रमाण धरले, इमारतींसाठी १३५ लिटरचे.

छदामही न टाकल्याची गोष्टही तितकीच खोटी. १ जुलै २०१७ रोजी रद्द होईपर्यंत जकात हा पालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार होता, आणि ती शेवटी तेल-साबण घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशातून निघत होती. जकातीच्या बदल्यात पालिकेला मिळू लागलेली भरपाईही वस्तू व सेवा कराच्याच वाटेने, म्हणजे त्याच खिशांतून येते.

आता जमिनीकडे वळावे. रस्ते, मलनिःसारण, मेट्रो सार्वजनिक पैशाने होतात. त्यामुळे चढलेली किंमत मालकाच्या पदरात पडते. २०१० मध्ये भांडवली मूल्यावर आधारित कर आला, तेव्हा मोकळ्या जमिनीची आकारणी तिच्या भावी बांधकामक्षमतेनुसार करण्याचे नियम केले गेले. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ते रद्दबातल ठरवले. भाव वाढण्याची वाट पाहत जमीन पडीक ठेवणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार!

गिरणगावाची कथा तर सर्वश्रुत आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्विकासाला निघालेल्या गिरण्यांच्या जमिनीतील मोठा हिस्सा मोकळ्या जागांसाठी व सार्वजनिक गृहनिर्माणासाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली; २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. शहराच्या हातून अशा रीतीने निसटलेल्या एकरांची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात खर्ची पडलेली नाही.

झोपडपट्टीतले गाळे मोजायला निघालेल्या पालिकेने आधी पडीक राखलेल्या भूखंडांची, त्यांच्या मालकांची आणि प्रत्येकाने भरलेल्या कराची यादी प्रभागवार प्रसिद्ध करावी. गाळ्यांची मोजणी त्यानंतर सुरू झाली तरी चालेल.