सिमेंटचें पाप व झाडांचें प्रायश्चित्त

एखाद्या महामार्गाचें काम निघालें कीं एक ठराविक आश्वासन ऐकूं येतें : जितकीं झाडें तोडूं, त्याच्या कितीएक पट लावूं. वृक्षारोपणास आमचा विरोध नाहीं. परंतु सिमेंटच्या भट्टींत घडलेलें पाप रस्त्याच्या कडेला रोपें लावून फिटतें, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं.

सिमेंटसाठीं चुनखडी भाजावी लागते. शुद्ध चुनखडीचे १०० भाग पुरते भाजले असतां ४४ भाग कार्बन डाय-ऑक्साइड वायु निघून जातो. भट्टी कोळशाऐवजीं सूर्याच्या उष्णतेवर चालविली तरी हा वायु सुटणारच. कारण तो इंधनांत नसून दगडांतच आहे. जगाच्या एकूण कार्बन-उत्सर्जनापैकीं शेंकडा ७-८ भाग सिमेंटचा मानतात. शिवाय हा वायु आज सुटतो. रोपाचा वृक्ष होण्यास मात्र कित्येक वर्षें लागतात.

यावर उपाय आहे. भाजलेली चिकणमाती व कच्ची चुनखडी मिसळून केलेल्या सिमेंटास भारतीय मानक ब्यूरोनें २०२३ सालीं मानक दिलें. अशा मिश्रणानें शेंकडा ४० पर्यंत कार्बन वांचूं शकतो. यांत आम्हांस नवल वाटूं नये. चुन्यांत विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळण्याची रीत आमच्या गवंड्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतीच.

मग अडतें कोठें? निविदेंत! तेथें किंमत विचारतात, मुदत विचारतात. कार्बन किती, हें क्वचितच विचारतात. ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ सालीं पूर्णपणें खुला झाला. त्यास किती कोटि रुपये लागले हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु त्यापायीं किती टन कार्बन हवेंत गेला, हें आपल्यापैकीं किती जणांस सांगतां येईल?

कोणी म्हणतील, गरीब देशास ही चैन परवडणारी नाहीं. आम्ही विचारतों, हिशेब ठेवणें ही चैन केव्हांपासून झाली? उलट गरिबानेंच तो अधिक काटेकोर ठेवावयाचा असतो. नेदरलँड्समध्यें सरकारी रस्त्यांच्या कामांत पर्यावरणाच्या हानीस पैशाचें रूप देऊन ती निविदांच्या तुलनेंत धरण्याची पद्धत आहे. ज्याची हानि कमी, त्याची बोली सरस ठरूं शकते.

आमची मागणी एवढीच : निविदेंत रुपयांच्या रकान्याशेजारीं कार्बनचा रकाना असावा. आणि त्याहीपूर्वीं एक प्रश्न विचारला जावा : नवें बांधावयाचें खरोखरच कारण आहे, कीं जुन्याची डागडुजी पुरेल? प्रायश्चित्ताचा विधि सांगणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पाप टाळावें कसें, हें विचारणारे आतां निघाले पाहिजेत.