शौर्यकथेतील पट्टा

युद्धविषयक पुस्तकात सैन्यरचना आणि सामग्रीचे तपशील सुरू झाले की साहित्याचा वाचक पाने उलटतो. आम्हीही उलटत असू. जर्मन छत्रीधारी सैनिकांविषयी वाचताना मात्र ही सवय मोडली.

हे सैनिक वायुदलाचे. त्यांच्या पॅराशूटचे पट्टे पाठीमागे एकाच ठिकाणी जोडलेले असत. त्यामुळे सैनिकाला हवेत दिशा बदलता येत नसे, आणि तो पुढे झुकून हातागुडघ्यांवर आदळे. म्हणून रायफली वेगळ्या पेट्यांतून टाकल्या जात; बहुतेकांच्या अंगावर पिस्तूल, हातबॉम्ब आणि चाकू एवढेच. २० मे १९४१ रोजी क्रीट बेटावर उतरलेले कित्येकजण पेटीपर्यंत पोहोचण्याआधीच मारले गेले. मारणाऱ्यांत गावकरीही होते. त्याचा सूड म्हणून २ जूनला कोंडोमारी गावातील पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या; दुसऱ्या दिवशी कांदानोस हे गाव उद्ध्वस्त केले गेले.

‘आकाशातून उतरलेले वीर’ ही प्रतिमा दोघांनाही झाकते: पट्ट्याच्या रचनेपायी निःशस्त्र मेलेल्या सैनिकाला आणि त्याच्या मरणाची किंमत मोजणाऱ्या शेतकऱ्याला. तपशील टाळणारे युद्धलेखन अधिक काव्यात्म होते, असे आम्हांस वाटत नाही. ते फक्त कमी प्रामाणिक होते. अर्थात शस्त्रांच्या याद्यांत रमणारा लेखकही दोषमुक्त नाही. त्याची यादी बहुधा कोंडोमारीच्या अलीकडेच संपते.