कवीला खुर्ची, हलगीवाल्याला सतरंजी

या अंकाचं मुखपृष्ठ ज्यानं काढलं त्याचीच पान सातवर कविता आहे. तोच पोरगा रविवारी वस्तीत ढोलकीवर बसतो. यावर आमच्या काही शिकल्यासवरल्या मित्रांचं म्हणणं असं, की बाबा रे, एक काय ते धरा. कवी व्हायचंय तर कविता लिहा, चित्रं काढायचीत तर आर्ट स्कूल गाठा, वाजवायचंय तर वाजवत बसा. सगळीकडं तोंड घातलं की कशातच धड राहत नाही.

सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. तो आला कुठून ते जरा बघू.

गावात कला काय कमी होत्या? हलगी मांगाकडं. छिन्नी पाथरवटाकडं. नाच कोल्हाट्याच्या पोरीकडं. तिकडं पिंगुळीला चित्रकथी ठाकरांकडं. आणि देवळात कीर्तनाला उभं राहायचं म्हटलं की तिथं माणूसच निराळा, त्याचं आसन निराळं, त्याची दक्षिणा निराळी. प्रत्येकाच्या हातात जन्मतःच एकेक वाद्य नाहीतर एकेक हत्यार कोंबलेलं. दुसऱ्याचं उचललं तर हात मोडणार. १९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरसाठी लिहिलेलं जे भाषण त्या मंडळींनी होऊ दिलं नाही आणि मग बाबासाहेबांनी स्वतःच छापून काढलं, त्यात हा मुद्दा मांडलाय. कामं वाटून घेणं ही एक गोष्ट, आणि काम करणारी माणसंच वेगवेगळ्या खणांत कोंडून टाकणं ही दुसरीच गोष्ट. आज अनुदानाच्या अर्जात एक रकाना असतो, 'माध्यम'. पुढे चौकटी. एकावरच खूण करा. मला तर तो रकाना पाहिला की गावचा पाटील आठवतो.

आपल्याकडं हे खण मोडायचं काम आधीच झालंय, आपण विसरलोय एवढंच. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा निघाला तेव्हा त्यात गाणं होतं, संवाद होते, सोंग होतं, विनोद होता आणि सभेचं भाषणही होतं. त्याला नाटक म्हणावं, मैफल म्हणावं की मिटिंग, हे बघणाऱ्याला पडलंच नव्हतं. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊ लिहायचे, गायचे, वगात उभे राहायचे, आणि तोच माणूस १९५९ला 'फकिरा' देतो. पुढं विद्वानांनी काय केलं? कादंबऱ्या साहित्याच्या कपाटात, पोवाडे लोककलेच्या कपाटात. आणि माणूस वर्षानुवर्षं चिरागनगरच्या झोपडीत.

लिटल मॅगझिनचं तेच. राजा ढालेंनी 'येरू' काढलं त्या जमान्यात लिटल मॅगझिन म्हणजे संपादकानंच स्टेन्सिल कापायची, त्यानंच सायक्लोस्टाइलच्या शाईत हात काळे करायचे, त्यानंच अंक काखोटीला मारून विकायचे. कविता कागदावर कशी बसते हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

आणि आपल्या आयांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. हात जात्यावर, ओठांत ओवी, मांडीवर पोर. चाल तिची, शब्द तिचे, ताल दगडाचा. तिला कुणी विचारलं नाही की बाई तू कवयित्री की गायिका. विचारलं असतं तर तिनं जात्यात घालायला मूठभर दाणे मागितले असते.

आता आमच्या शिकल्यासवरल्या मित्रांच्या बाजूनं एक खरी गोष्ट बोलतो. सगळं करायचं म्हणजे सगळं कच्चं करायचं, असं नाही. स्टेजवर कवी ढोलकी बडवतो आणि ताल रस्त्यावर सांडतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. वस्तीतली माणसं चळवळ म्हणून टाळ्या वाजवतात. पण बेताल ते बेतालच.

मी गोदीत कंत्राटावर आहे. जहाजातून पोलादाच्या कॉइली उतरतात तेव्हा खाली पोटात स्लिंग लावणारे वेगळे, वर क्रेनवाला वेगळा, आणि काठावर उभा राहून 'आरिया' म्हटलं की खाली, 'हाबिस' म्हटलं की वर, असं सांगणारा वेगळा. क्रेनवाल्याला खालचं दिसत नाही. खालच्याला वरचं दिसत नाही. म्हणून काठावरच्या माणसाला दोघांचं काम ठाऊक असावं लागतं. नुसतं ऐकून नाही, खाली उतरून केलेलं असावं लागतं. नाहीतर कॉइल कुणाच्या तरी डोक्यावर येते. वेगवेगळ्या कलांत काम करायचं म्हणजे मला हे वाटतं. सगळ्यांनी सगळं करायचं नाही, पण दुसऱ्याच्या कामाचं वजन आपल्या खांद्यानं एकदा तरी जोखायचं.

आमच्या वस्तीत एक पेंटरकाका आहेत. पूर्वी दुकानांच्या पाट्या, लॉरीच्या फाळक्या, जयंतीचे बोर्ड सगळं त्यांच्या ब्रशातून जायचं. फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता ते इमारतींना रंग देतात, परातीवर लटकून. त्यांच्याकडं मी गेले तीन महिने अक्षरं गिरवायला बसतो. एवढ्याशा फोटोवर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर मोठ्या आखायच्या आणि एकेक घर भरत बाबासाहेबांचा चेहरा दहा फुटांवर न्यायचा. चष्म्याच्या काडीपाशी चूक झाली की चेहराच परका होतो. काका म्हणतात, अक्षर रंगवायचं नसतं रे, मधली जागा राखायची असते. मी मॅट्रिक झालो, कवितेवरची भाषणं ऐकली, पण ओळ कुठं तोडायची हे मला पहिल्यांदा त्यांच्या ब्रशानं सांगितलं. फुकट. चहाच्या बदल्यात.

आता हलगीचं. इथं जरा थांबावं लागेल, कारण इथं आपल्यातच दोन तट आहेत.

एक तट म्हणतो, आपल्या बापजाद्यांनी गावकीची वाजंत्री टाकली. मेलं त्यांचं माणूस आणि बडवायचं आपण, लग्न त्यांचं आणि घाम आपला, वर उष्टं पत्रावळीवरचं. ते टाकलं म्हणून तर आपण माणसात आलो. आता कला म्हणून तेच चामडं परत गळ्यात घालायचं? हा सवाल खोटा नाही. ज्यांनी टाकलं त्यांना गावानं वाळीत टाकलं, मारलं, आणि तरी त्यांनी परत उचललं नाही. त्या नकारापुढं मी मान झुकवतो.

पण गुन्हा चामड्याचा होता का? गुन्हा बलुत्याचा होता. कुणाच्या हुकमानं वाजतंय, किती पैशात वाजतंय, वाजवणाऱ्याचं नाव कुणाच्या तोंडी आहे की नाही, हा खरा प्रश्न. आणि मांगाच्या पोरानं हलगी वाजवली की ती लाचारी, कवीनं गळ्यात अडकवली की ती अस्मिता, असला दुटप्पी न्याय चळवळीत चालणार नाही. जातीची उतरंड आपल्या कोरसमध्ये पण उभी राहते, साली. कवी पुढं, गाणारे मागं, वाजवणारे अंधारात.

हे सगळं आज काढायला कारण आहे. शहरातल्या एका नामांकित गॅलरीचं पत्र आलंय. त्यांच्याकडं प्रदर्शन आहे, दलित कलेला सध्या मागणी आहे, उद्घाटनाला आमच्या गटानं यावं. पत्रात कवीला माईक, खुर्ची, मानधन. हलगीवाल्याचं नाव नाही, 'पार्श्वसंगीत' एवढाच उल्लेख, पैसे निम्मे. पेंटरकाकांच्या पडद्याबद्दल लिहिलंय, वातावरणनिर्मितीसाठी लावता येईल.

गटात रात्री दीडपर्यंत भांडण झालं. निम्मे म्हणाले, फाडून टाका. निम्मे म्हणाले, गोदीच्या ग्रीन गेटपासून जहांगीर आर्ट गॅलरी पायी पंधरावीस मिनिटं. ती १९५२ला उघडली, तेव्हापासून आपल्या किती जणांनी आत पाऊल टाकलंय? दारं उघडतायत तर घुसा. मग हलगीवाला बोलला, सगळ्यात शेवटी. तो म्हणाला, निम्मे तर निम्मे, माझी दोन दिवसांची हजेरी सुटते त्यात, तुम्ही तत्त्वावर भांडा, मी जातो.

यावर त्याला विकला गेला म्हणणारे दोघं निघाले. त्यांना इथं छापून सांगतो, दुसऱ्याच्या पोटावर आपलं तत्त्व शेकू नका. बहिष्कार घालणं सोपं असतं ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो त्याला.

म्हणून आम्ही पत्राला नकार दिला नाही. उत्तर धाडलंय. आम्ही पाच जण येऊ. पाचांना सारखं मानधन. पाचांची नावं कार्डावर एकाच टायपात, आणि त्यापुढं कवी, पेंटर असलं काही लिहायचं नाही. पडदा वातावरण म्हणून लागणार नाही, चित्र म्हणून लागेल, खाली काकांचं नाव आणि किंमत असेल. आणि पन्नास खुर्च्या वस्तीतल्या माणसांसाठी, दारात पासची विचारणा न होता. जमत नसेल तर त्यांनी तसं कळवावं. मग हलगीवाल्याला एकट्यानं जायचं असेल तर तो जाईल आणि परत आला की कोरसमध्ये त्याची जागा त्याचीच असेल.

घुसावं कसं याचे दाखले आहेतच. विलास घोगरे १९८५च्या 'हमारा शहर'मध्ये गायला. ११ जुलै १९९७ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली आणि चार दिवसांनी विलासही गेला. त्याचं गाणं धरून आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं कॅमेरा चालवला तेव्हा २०११ला 'जय भीम कॉम्रेड' झाला, आणि तो वस्त्यांतून दाखवला गेला. नागराज मंजुळे आधी कवी, मग २०१३चा 'फँड्री'. सुधारक ओलवेंनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते त्यांच्यासोबत जाऊन. यातल्या कुणी दुसऱ्याला वातावरण म्हणून वापरलं नाही.

गॅलरीचं उत्तर अजून आलेलं नाही. आपला कार्यक्रम मात्र ठरलाय. येत्या रविवारी दुपारी चारला, विहारामागच्या मोकळ्या जागेत. दुपारीच, कारण गाणाऱ्या बायांना संध्याकाळी चूल आणि नळ दोन्ही गाठायचे असतात. त्यांच्या ओव्या उतरवून घ्यायला दोघांनी वही घेऊन यावं, नावासकट लिहायचं, पुढच्या अंकात पहिल्या पानावर जातील. पेंटरकाका भिंतीवर चौकटी आखून देतील. खडू, जुनी चादर, चुना आणि निळीच्या पुड्या ज्याला जमेल त्यानं आणाव्यात. कवींनी कविता पाठ करून यायचं, कागद बघून वाचायचं नाही. हलगी शेकायला जाळ लागतो. मोडक्या पॅकिंगच्या फळ्या भंगारवाल्याकडून मी आणतो.