दहाच्या आकड्याचा मोह

मागे एक पंचविशीतला तरुण कंबर धरून माझ्या दवाखान्यात आला. पडला नव्हता, ओझेही उचलले नव्हते. खोदून विचारले तेव्हा कळले, त्याच्या व्यायामशाळेत वल्हवण्याचे यंत्र आले आहे आणि हा गडी पहिल्या दिवसापासून चाकाच्या कडेची दांडी १० वर ठेवून ओढतो आहे. ‘खालचे आकडे म्हाताऱ्यांसाठी,’ असे त्याला तिथेच कुणी सांगितलेले!

माझे मत विचाराल तर या दांडीवर आकडे छापायलाच नको होते. तो आकडा ताकदीचा नाही, हवेचा आहे. दांडी वर सरकवली की पंख्याच्या चाकाकडे जास्त हवा शिरते आणि दोन ओढींच्या मध्ये चाक लवकर मंदावते. आपले जाते आठवा. फिरते असले की हाताला हलके लागते. थांबू दिले की पहिला फेरा जड. १० वर प्रत्येक ओढ ही जणू तो पहिला फेराच, आणि त्याचा ताण पुढे वाकलेल्या कंबरेवर येतो. उलट ३ वरही पाय झटकन रेटून पाहा. चाकाचा वेग वाढेल तसा हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. दम तिथेही निघतो.

कन्सेप्ट टू कंपनीच्या यंत्रात पडद्यावर ‘ड्रॅग फॅक्टर’ पाहता येतो. चाक किती मंदावले ते यंत्र दर ओढीनंतर मोजते आणि तुमच्या मेहनतीचा हिशेब त्यावरूनच करते. १० वर ओढल्याचे जादा गुण नाहीत. जाळीत धूळ बसली की त्याच ५ वर हा आकडा घसरतो, म्हणून दांडीपेक्षा पडद्याकडे बघावे. नवख्याने दांडी ३ ते ५ मध्ये ठेवावी, ड्रॅग ११० ते १३० च्या आसपास.

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला एकट्याने वल्हवायला उतरले. त्या प्रकारच्या होडीचे किमान वजन अवघे १४ किलो! ती पाण्यावरून घसरत जाते. खालच्या आकड्यांवर हाताला तसेच काहीसे जाणवते. १० म्हणजे लाकडी पडाव.

त्या तरुणाला आधी विश्रांती दिली, मग दांडी ४ वर आणि क्रम पक्का करायला सांगितला: आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. महिन्याने आला तेव्हा कंबर मोकळी होती. तक्रार एवढीच की, ‘डॉक्टर, ४ वर घाम जास्त येतो!’