प्रत्येक मळमळ म्हणजे बोट लागणे नव्हे

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. तरी छत्रपती संभाजीनगरहून सुट्टीत मुंबईला गेलेले कुटुंब घारापुरीची लेणी पाहायला किंवा मांडव्याला लाँचने जातेच. परतल्यावर सांगतात, "मुलीला बोट लागली, डोके धरून बसली होती." बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र डोके ठणकणे, मळमळ, गरगरणे, गळून जाणे ही लक्षणे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचीही आहेत. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद न्हाणीघरातील गॅस गीझरमुळे किंवा थंडीत खोलीत ठेवलेल्या शेगडीमुळे माणसे दगावतात, ती याच वायूने.

बोटीवर तो इंजिनाच्या धुरातून येतो. आणि हा धोका पुष्कळदा इंजिन बदलताना ओढवून घेतला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटीच्या पोटातले इंजिन थकले की मालक नवे, बहुधा जास्त अश्वशक्तीचे इंजिन आणतो. धुराची नळी मात्र जुनीच ठेवायचा मोह होतो. नळीला काय झालंय, चालतेय की! पण मोठे इंजिन धूरही जास्त सोडते. नळी अरुंद पडली की धूर तुंबतो, इंजिन तापते आणि सैल सांध्यांतून धूर केबिनमध्ये झिरपतो. काही बोटींत धूर थंड करण्यासाठी नळीच्या बाकात समुद्राचे पाणी सोडतात. खाऱ्या पाण्याने हा बाक आतून खाल्ला जातो, वरून रंग दिलेला असल्याने ठणठणीत दिसतो. पुढची रबरी नळी पाणी थांबताच करपते. नवे इंजिन जुन्यापेक्षा खाली बसले, तर हेच पाणी उलटे इंजिनात शिरू शकते. म्हणून नळीचा व्यास आणि चढ-उतार नव्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच हवा. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरावा.

कोरड्या नळीच्या जुन्या बोटींवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली असू शकते. ती सुकी ओरबाडू नये. तिचे तंतू फुप्फुसात गेले तर आजार कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. जाणत्या माणसाकडून, ओली करून आणि योग्य मास्क लावूनच ती काढावी.

डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड कमी सोडते, हे मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. प्रवासी तासाभरात उतरतो. मासेमारी बोटीवरचा खलाशी त्याच इंजिनाशेजारी जेवतो, झोपतो. नळीचे पैसे वाचतात मालकाचे, छाती जाते त्याची!

प्रवाशांनो, चालत्या बोटीमागे हवेचा दाब कमी होतो आणि बाहेर पडलेला धूर पुन्हा आत ओढला जातो. मुलांना मागच्या टोकाला बसवू नका. समुद्र शांत असताना दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि मोकळ्या हवेत बरे वाटले, तर धुराचा संशय घ्या व तांडेलाला इंजिन पाहायला लावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. हा वायू मिसळलेले रक्तही तो चांगलेच दाखवतो. भोवळ आली, बोलणे असंबद्ध झाले, तर किनाऱ्यावर येताच रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना इंजिनाच्या धुराजवळ किती वेळ बसला होतात तेही सांगा. उपचार शुद्ध प्राणवायूचा असतो, आणि तो लवकर मिळावा लागतो.